मूर्तिजापूरच्या निंबाखालचा ठराव

समितीत बसलेला माणूस आणि झाडाखाली बसलेला माणूस यांच्यात फरक एवढाच, की झाडाखालचा माणूस आपण झोपलो होतो हे उठल्यावर कबूल करतो. मी उभा जन्म दोन्हीकडे एकदमच बसलो, म्हणून हे मी अधिकाराने लिहितो.

आमचा धंदा समाजसेवेचा. धंदा म्हटलं की लोक आजही दचकतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरेबुवांनी विचारलं होतं, 'समाजसेवा करता हे चांगलंच आहे, पण पोटासाठी काय करता?' मी म्हटलं, तीच. त्यांनी मुलगी दिली, पण पहिल्या नातवाच्या बारशापर्यंत त्यांचा विश्वास बसला नव्हता. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला कुठेतरी चिकटवून देणं हे माझं काम. अमरावतीच्या अर्ध्या दुकानांत माझी माणसं होती. एका सराफाकडे मी एक कुलूपफोड्या लावून दिला, तर त्याने सराफाची सगळी कुलपं बदलून घेतली, कारण म्हणे ती त्याला बघवत नव्हती.

त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नागपूरला वाटे वऱ्हाड म्हणजे कापूस, आणि वऱ्हाडाला वाटे नागपूर म्हणजे संत्रं. माणसांकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती, ते काम आमच्याकडे आलं. अमरावती आणि अकोला मिळून पगारी समाजसेवक किती, तर एका दमणीत मावतील आणि बैल तक्रार करणार नाहीत इतके. पण वकिलांचं मंडळ होतं, वैद्यांचं होतं, म्हणून आम्हीही आमचं मंडळ काढलं. आणि मंडळ काढल्याबरोबर समित्या उगवल्या, पावसाळ्यात तरोटा उगवतो तशा.

बाहेरच्या माणसाला ही समिती म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. सहा दिवस आम्ही आपापल्या संस्थेचं काम पगार घेऊन करायचो. सातव्या दिवशी, ज्या कामाला कुणीच मालक नाही ते काम फुकट करायचं, आणि त्यासाठी समिती. आमची एक शोक समिती होती. कुणी सभासद गेला तर ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून तिने सगळ्यांचे शोकठराव आधीच तयार करून ठेवले होते. महारोग्यांच्या वसाहतीत काम करणारे आमचे दादाराव एकदा विषमज्वराने आटोपलेच होते. समितीने ठराव घासूनपुसून तयार ठेवला, आणि दादाराव उठून बसले. त्यांना तो ठराव कुठून तरी कळला आणि इतका आवडला, की पुढे दर वाढदिवसाला ते तो म्हणून घेत. 'पोकळी कधीही भरून निघणार नाही' या वाक्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पण माझा जीव होता तो नातलग समितीवर. रुग्णालयात, देवळाच्या पायरीवर, स्टेशनात कुणी एकटं सापडलं की त्याची माणसं शोधून काढायची, हे तिचं काम. शोधायचं कसं? बोलण्यावरून, गोंदणावरून, पदर कुठल्या खांद्यावर घेते त्यावरून. एका म्हाताऱ्याला स्वतःचं नावही आठवत नव्हतं, तर आम्ही त्याला चार घरचं पिठलं खाऊ घातलं. पाचव्या घरच्या घासाला तो म्हणाला, 'मीठ कमी आहे, ही माझी सून.' निघाली तीच. यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मी तिथे जेवायला होतो.

समितीची बैठक कुठे भरवायची यावरून मात्र दोन वर्षं तंटा चालला. अमरावतीकर अकोल्याला जायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, अकोल्याच्या उन्हात दौतीतली शाई टाकापर्यंत पोचत नाही, वाटेतच वाळते. अकोलेकर म्हणत, अमरावतीला गेलं की अमरावतीकर अमरावतीबद्दलच बोलतात. शेवटी मधलं ठिकाण निघालं, मूर्तिजापूर स्टेशन. तिथे मोठी गाडी थांबायची, आणि अचलपूर-अंजनगावकडून येणारी छोटी गाडीही तिथेच संपायची. छोट्या गाडीबद्दल काय सांगावं? तिच्यातून उतरून माणूस शेतात हरभऱ्याचे डहाळे उपटी, भाजून हुळा करी, खाऊन हात धुवी आणि चालत येऊन त्याच डब्यात बसे. अशा दोन गाड्यांच्या मध्ये, फलाटाच्या कडेला, एक प्रचंड निंब. त्याच्या सावलीत आमची सतरंजी. बैठकीची वेळ भर दुपारची, कारण गाड्याच तशा होत्या.

चैत्रातली दुपार, निंब फुललेला. वरून ती बारीक पांढरी फुलं सारखी गळताहेत, डोक्यावर, चहाच्या कपात, बोलणाऱ्याच्या उघड्या तोंडात. समोर रूळ उन्हात विरघळलेले, त्यांच्यावर पाणी तरंगतंय असं दिसायचं, आणि त्या पाण्यातून एखादी मालगाडी आवाज न करता पोहत यायची. अशा वेळी माणूस जागा आहे की झोपला आहे हे विचारू नये. बैठक चालायची, तीही तशीच चालायची, पाण्याखालून.

त्यात आमच्या मतदानाची एक रीत होती. मंडळात दोन तऱ्हांची माणसं: 'हाव' म्हणणारी आणि 'होय' म्हणणारी. 'हाव'वाले जोरात म्हणत, 'होय'वाले हळू म्हणत, आणि मोजणाऱ्याला नेहमी वाटे की हाववाले जिंकले. म्हणून नियम झाला की तोंडाने काही बोलायचं नाही, संमती असेल त्याने मान हलवायची. नियम उत्तम होता. फक्त तो करणाराने निंबाखालची दुपार हिशेबात घेतली नव्हती.

नियम करणारे होते बापूसाहेब. अमरावतीच्या एका बालिकाश्रमाचे अधीक्षक, पुण्याहून नुकतेच आलेले, आणि आल्याआल्याच नातलग समितीचे अध्यक्ष झालेले. माणूस सोन्यासारखा. आश्रमातल्या पोरींच्या तुटलेल्या चपला रात्री स्वतः शिवायचे. पण भाषेचे सोवळे. कुणी 'मले' म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. ते रागवायचे नाहीत. 'मला' असं हळूच म्हणायचे, जसं कुणी दुसऱ्याच्या खांद्यावरचा सुरवंट हलक्या हाताने काढतो.

त्यांच्या आश्रमात चंद्री नावाची सहा-सात वर्षांची पोर आली. अकोल्याच्या एका जिनात तिची आई कामाला होती. ती रुग्णालयात वारली, बाप त्याआधीच गेलेला. पोरीला नातलग कोण? अकोल्याच्या प्रसूतिगृहातल्या आमच्या यमुताईंनी तिला मांडीवर घेऊन विचारलं. पोर म्हणाली, एक मावशी आहे, सखूमावशी. गाव? माहीत नाही. कसं आहे? 'तिच्या गावात पानाचे मळे हायेत, अन् तिची मोट गाते.'

पानमळे म्हणजे अंजनगाव सुर्जी, हे सांगायला समिती लागत नाही. तिथल्या वाड्या हिंडून गाणारी मोट मात्र शोधायला लागली. त्या रविवारी अंजनगावचं काम बापूसाहेबांच्या वाट्याला आलं. ते छोट्या गाडीने गेले, सापडली मावशी, बोलणं झालं, परत आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. आम्ही विचारलं, तर म्हणाले, बैठकीत सांगेन.

इकडे दुसरीच गोष्ट जुळत होती. जबलपूरला स्थायिक झालेलं एक मराठी जोडपं, मूलबाळ नाही, मनाने मोकळी माणसं. त्यांना एक मुलगी सांभाळायला हवी होती, लेक म्हणून. आश्रमात येऊन त्यांनी चंद्रीला पाहिलं आणि बाई तिथेच जमिनीवर बसून तिच्याशी सागरगोटे खेळायला लागल्या. नातलग नसेल किंवा असून सांभाळण्याजोगा नसेल, तर मूल अशा घरी द्यायचं हा आश्रमाचा नियम, आणि नातलगाबद्दल शेवटचा शब्द आमच्या समितीचा. म्हणून ठरलं ते असं: मूर्तिजापूरला बैठक, बैठकीत ठराव, आणि ठराव झाला की संध्याकाळच्या भुसावळकडच्या गाडीने चंद्री जबलपूरला.

त्या दिवशी सगळेच तिथे होते. जबलपूरकर जोडपं मुसाफिरखान्यात बसलं होतं. यमुताई चंद्रीला घेऊन नळाकडे गेल्या होत्या, तिला दहीभात भरवत. सतरंजीवर आम्ही: मी, दादाराव, अंधशाळेचे गोविंदमास्तर आणि बापूसाहेब. गोविंदमास्तर स्वतः अंध, काळा चष्मा लावायचे, त्यामुळे सभेत झोपण्याची त्यांच्याइतकी सोय आमच्यात कुणालाच नव्हती. आम्हाला त्यांचा हेवा वाटे. छोटी गाडी नुकतीच येऊन धापा टाकत उभी होती. उतरलेले चार-दोन लोक गाठोडी टेकवून निंबाच्या पलीकडच्या अंगाला बसले. बुंधा एवढा, की पलीकडे वरात उतरली तरी अलीकडे कळू नये.

बापूसाहेबांनी हकिकत सांगायला सुरुवात केली. ते नेहमी तोंडानेच सांगत, खालच्या आवाजात, एका लयीत. वाडी विहिरीला लागून आहे. मावशी मोटेपाशी होती, मोट खरोखरच गाते. मावशी मायाळू आहे, चंद्रीचं नाव काढताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परंतु... आणि या 'परंतु'पाशी वाऱ्याची एक झुळूक आली, फुलांचा सडा पडला, दादारावांची मान छातीवर गेली. परंतु मावशी सासर सोडून तिथे येऊन राहिलेली आहे. तिचे यजमान, बापूसाहेब थोडे अडखळले, यजमान बाजारात राहतात. बाजारात म्हणजे, आपण समजू शकता. आणि घरात वडीलधारं म्हणून एक सासू होती, ती निवर्तली. टाकलेली बाई, दुसऱ्याच्या वाडीत पाणी ओढणारी. तिथे पोर कशी द्यायची? सांगताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. खोटं नाही लिहीत, त्यांना ती मावशी आवडली होती.

मग त्यांनी ठराव मांडला: मुलगी जबलपूरकरांना द्यावी. रीतीप्रमाणे तो तीनदा मांडायचा. पहिल्यांदा मांडला, दादारावांची मान हलली. दुसऱ्यांदा मांडला, गोविंदमास्तरांची हलली. तिसऱ्यांदा मांडला, तेव्हा मला निंबाच्या फांदीवर माझी आजी बसून मला खाली यायला सांगते आहे असं दिसत होतं, आणि मी तिला मानेनेच बरं म्हटलं. ठराव मंजूर.

बापूसाहेबांनी उपरणं सावरलं आणि यमुताईंना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने सार सांगितलं. अंजनगावच्या सखूबाईकडे मुलगी देता येत नाही. नवरा बाजारात राहतो, सासू मेलेली आहे.

निंबाच्या पलीकडून एक म्हातारा बायकी आवाज आला. घाई नाही, राग नाही, चौकशी केल्यासारखा.

"काहून वो सखू, मी कवा मेली?"

दुसरा आवाज म्हणाला, "मले का माईत. सायबाले पुसा."

बुंध्याला वळसा घालून दोघी पुढे आल्या. पुढे एक वाळकीशी, ताठ म्हातारी, हातात काठी. मागे तिशीची बाई, डोक्यावर टोपलं, टोपल्यात वांगी आणि वर सांभाराच्या जुड्या. वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो, सांभार म्हणजे कोथिंबीर. बापूसाहेब उभे राहिले होते, आणि निंबाचं एक फूल त्यांच्या भुवईवर बसलं होतं ते त्यांना झटकायचं सुचत नव्हतं.

"पण सखूबाई," ते म्हणाले, "आपण स्वतःच सांगितलंत. मी बैठकीचा दिवस सांगून विचारलं, मुलीला न्यायला कोण येणार. आपण म्हणालात, मी येऊन राहिले."

"हाव न जी. मी येऊनच राहिली होती. कांदा काढाचा होता म्हणून चार रोज थांबली."

"आणि यजमान?"

"ते बजारात जाऊन राहिले होते, भाजी घेऊन. आज पानी देऊन राहिले वाडीले."

"आणि सासूबाई मरून..."

"मरूनच राहिली बुढी, त्या पोट्टीसाठी," सखू म्हणाली. "दिसभर एकच, पोट्टीले आन, पोट्टीले आन. मंग म्या म्हटलं, तू बी चाल."

तेव्हा माझी झोप खाडकन उतरली. वाचकहो, हे 'राहिलो' म्हणजे आमच्या वऱ्हाडाचा प्राण आहे. पुण्याचा माणूस 'येतो आहे' म्हणतो, आम्ही 'येऊन राहिलो' म्हणतो. काम चालू आहे, संपलेलं नाही, एवढाच अर्थ. खरं सांगायचं तर चालूच असतं असंही नाही. वऱ्हाडी माणूस 'येऊन राहिलो' म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या पायात चपलासुद्धा नसतात. पण पुण्याच्या कानाला ते कसं ऐकू येणार? येऊन राहिली, म्हणजे आली आणि राहिली. बाजारात जाऊन राहिले, म्हणजे गेला आणि तिथलाच झाला. आणि 'मरून राहिली' पुढचा 'पोट्टीसाठी' हा शब्द गाणाऱ्या मोटेच्या आवाजात विहिरीत पडला असणार. एका क्रियापदाने एक भरलेलं घर उजाड करून टाकलं होतं.

मी बापूसाहेबांना हे समजावून सांगितलं. ते खाली बसले. मग म्हणाले, "पण ठराव मंजूर झाला आहे."

इथे आमच्याच मंडळाची गाठ बसली होती. मंजूर झालेला ठराव त्याच बैठकीत फिरवता येत नाही, असा नियम होता, आणि तो काही वेडेपणा नव्हता. पूर्वी अकोलेकरांनी मंजूर केलेलं, ते पाणी प्यायला उठले की अमरावतीकर नामंजूर करत, असे प्रकार झाले होते. आता पुढची बैठक महिन्याने. भुसावळकडची गाडी संध्याकाळी. जबलपूरहून पोर परत आणणारी समिती आम्ही काढली नव्हती. आणि नियम मोडा म्हणावं, तर बापूसाहेबांनी अमरावती-अकोल्याला एका सतरंजीवर बसवलं होतं ते या नियमांच्या जोरावरच. यमुताई चंद्रीला घेऊन आल्या होत्या. पोर सखूच्या तोंडाकडे बघत होती. ओळख लागत होती आणि लागत नव्हती, जशी स्वप्नातल्या माणसाची लागते.

मी म्हटलं, "बापूसाहेब, ठराव झालाच नाही. संमती मानेने द्यायची असते, डुलकीने नाही. मी झोपलो होतो."

आता हे खरं नव्हतं. मी जागा होतो, आजीशी बोलत होतो. पण आमच्या मंडळात सभेत झोपलो होतो असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. डोळे मिटून विचार करत होतो असं म्हणायची पद्धत होती. पगारी समाजसेवक झोपतो हे गावाला कळलं तर उद्या दारात कोण उभं करील? म्हणून मी दादारावांकडे पाहिलं. दादारावांनी खाकरून सांगितलं की ते डोळे मिटून विचार करत होते.

"दादाराव," गोविंदमास्तर म्हणाले, "तुमच्या विचाराच्या शेवटी बारीक शिट्टी वाजते."

सगळे गोविंदमास्तरांकडे वळले. मास्तर चष्म्याआड शांत होते. ते म्हणाले, गेली कित्येक वर्षं मी या समितीत आहे, तुमची प्रत्येकाची झोप मी आवाजावरून ओळखतो. माझी मान हलली ती मानेवर माशी बसली म्हणून. आणि अध्यक्षांनी रागावू नये, ठराव दुसऱ्यांदा मांडताना अध्यक्षांचा आवाज पहिल्या शब्दाला जागा होता आणि शेवटच्याला नव्हता. मध्ये ते कुणाला तरी 'आई, दार उघड' असं म्हणाले.

बापूसाहेबांच्या आईला जाऊन थोडेच महिने झाले होते. पुणं सोडून ते इकडे आले ते त्याच्याच नंतर. त्यांनी मान खाली घातली. मग उभे राहिले, उपरणं पुन्हा सावरलं आणि आमच्याकडे न बघता म्हातारीकडे बघून म्हणाले, "अध्यक्ष झोपले होते. ठराव झालेला नाही."

म्हातारीने काठी आपटली. "निजले त निजले, बाप्पा. उनच असं हाये."

मी इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मुसाफिरखान्यात ते जोडपं होतं. सांगायला कुणी जायचं यावर आमच्याकडे समिती नव्हती. बापूसाहेब स्वतः गेले. किती वेळ ते आत होते, काय बोलले, मला माहीत नाही. दारातून फक्त त्यांची वाकलेली पाठ दिसत होती.

बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक परकर-पोलकं होतं, डोळ्याच्या अंदाजाने शिवलेलं, हिरवं. त्यांनी चंद्रीला ते तिथेच फलाटावर घातलं. बाह्या थोड्या लांब झाल्या, त्यांनी त्या मुडपून दिल्या. सखू टोपल्याजवळ उभी होती. या पोरीवर आपला हक्क आहे हे तिला ठाऊक होतं, तरी तिला पुढे यायचं सुचत नव्हतं. चंद्रीने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं आणि सखूच्या टोपल्यातली सांभाराची एक जुडी उचलून जबलपूरच्या बाईंना दिली. काहून दिली? पोर सात वर्षांची. तिच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेही तिचं नव्हतं.

बाईंनी ती जुडी पदरात घेतली. सखूला म्हणाल्या, "हिला कधी जबलपूरला आणाल?"

"येऊनच राहिलो बाई," सखू म्हणाली.

बाईंना अर्थ लागला नाही. त्यांनी बापूसाहेबांकडे पाहिलं. सगळ्या जगाची भाषा हळूच दुरुस्त करणारे बापूसाहेब मध्ये पडले. म्हणाले, "म्हणजे, त्या येत आहेत."

संध्याकाळची गाडी आली ती रुळांवरच्या त्याच पाण्यातून, तांबूस झालेल्या. जोडपं बसलं, गाडी गेली. बाई खिडकीत होत्या, मांडीवर सांभाराची जुडी. मी पुष्कळ सुटलेली माणसं पाहिली आहेत, तुरुंगाच्या दारातून बाहेर पडून उन्हात डोळे मिचकावणारी. सुटका न झालेला असा चेहरा मात्र तो एकच. त्यांना दुसरं मूल शोधून देऊ म्हणून आम्ही समिती नेमली. ती बसायच्या आत सरकीचा भाव पडला, साथ आली, माणसं पांगली. समिती अजून नेमलेलीच आहे. ते मला लागून राहिलं आहे, आणि हे 'राहिलं' कोणत्याही गावच्या व्याकरणाने घ्या.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. चंद्री अंजनगावच्या वाडीत वाढली आणि मोटेपेक्षा चांगली गायला लागली. म्हातारी त्यानंतरही कित्येक वर्षं मरून राहिली; मरायचं काही तिला जमलं नाही. बापूसाहेब वऱ्हाडी शिकले. पण नव्याने बाटलेला जास्त कांदा खातो, तसं त्यांचं झालं. पुण्याला बहिणीकडे गेले, बहिणीने वाढलं, वर विचारलं आणखी काय वाढू, तर हे म्हणाले, 'थांब, मी जेवून राहिलो.' तिने ताट उचललं. उपाशी परत आले आणि आश्रमाच्या विहिरीपाशी आम्हाला सांगताना इतके हसले की चष्मा विहिरीत पडता पडता वाचला. पुणं मग त्यांनी सोडूनच दिलं.

आणि सखू जबलपूरला गेली. लगेच नाही. आधी कांदा होता, मग शेवंती होती, मग विहिरीला पाणी नव्हतं. चंद्रीचं लग्न ठरलं तेव्हा ती, नवरा आणि काठीसकट म्हातारी, असे तिघं अक्षत घेऊन गेले. म्हातारीचं म्हणणं, जबलपूरच्या बाईंनी दार उघडलं आणि काही न विचारता पाटावर बसवलं, जशा काही त्या इतकी वर्षं दाराशीच उभ्या होत्या. म्हातारी माझ्यापेक्षा जास्त वाढवून सांगायची, त्यामुळे मी यातलं अर्धंच खरं मानतो. तेवढं पुरे आहे. वऱ्हाडातलं 'येऊन राहिलो' उशिरा येतं, पण येतं.

आता मी निवृत्त. घरामागे एक निंब आहे, चैत्रात फुलतो. दुपारी खाट टाकून पडलो की वरून फुलं गळतात, आणि त्या गळण्यात मला सतरंजी अंथरल्याचा आवाज येतो. दादाराव आधी गेले. त्यांचा शोकठराव त्यांनाच इतका पाठ होता की आम्हाला म्हणायची लाज वाटली. मग गोविंदमास्तर, मग यमुताई, मग बापूसाहेब. पलीकडे त्यांनी मूर्तिजापूर शोधून काढलेलं दिसतं. दादारावांची शिट्टी ऐकू येते. मास्तर सांगतात, एक सभासद कमी आहे, कोरम होत नाही. आणि बापूसाहेब बुंध्याच्या पलीकडून हाक मारतात, खास वऱ्हाडीत: "काहून बावा, येतं का नाई?"

मी डोळे न उघडता मान हलवतो. म्हणतो, येऊन राहिलो.

चपला खाटेखाली आहेत. अजून पायात घातलेल्या नाहीत.